झाडांवर नजर ठेवणाऱ्या नोकरीची पार्श्वभूमी

विद्यापीठं आणि संशोधन संस्थांच्या जाहिरातींत गेल्या काही वर्षांत एक नवं पद दिसू लागलं आहे: उपग्रह प्रतिमांमधून झाडांचं निरीक्षण करण्यासाठी मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे संगणकीय प्रोग्रॅम, वापरणारा संशोधक. अपेक्षा साधारण ठरलेल्या असतात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि पायटॉर्च हे मशीन लर्निंगचं साधन यायला हवं, लँडसॅट किंवा सेंटिनेल या उपग्रहांचा डेटा हाताळलेला असावा, लिडारची, म्हणजे लेसरने अंतर मोजण्याच्या तंत्राची, ओळख असेल तर उत्तम. आणि अगदी शेवटी, भर घातल्यासारखी एक ओळ: प्रत्यक्ष जंगलातल्या मोजमापांचा अनुभव असल्यास प्राधान्य. ही यादी एका बैठकीत लिहिलेली असली तरी तिच्यातल्या मागण्या वेगवेगळ्या दशकांतून जमा झाल्या आहेत. माझ्या मते तिच्यातली खरी अवघड ओळ शेवटचीच आहे.

सुरुवात 23 जुलै 1972 ला झाली. पुढे लँडसॅट 1 म्हणून ओळखला गेलेला उपग्रह त्या दिवशी अवकाशात गेला. त्याच्यावरचं मुख्य उपकरण टीव्ही कॅमेऱ्यासारखं होतं. व्हर्जिनिया नॉरवुड यांनी घडवलेला मल्टिस्पेक्ट्रल स्कॅनर दुय्यम समजला जात होता, त्याच्या हलत्या आरशावर अनेकांचा विश्वासच नव्हता. थोड्याच दिवसांत विजेच्या बिघाडामुळे मुख्य कॅमेरे बंद करावे लागले आणि स्कॅनर मात्र वर्षानुवर्षं चालला. तो प्रकाशाचे चार पट्टे वेगवेगळे मोजत असे. त्यातले दोन डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त प्रकाशाचे होते.

झाडांच्या दृष्टीने हेच निर्णायक ठरलं. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, तर पानाची आतली पेशीरचना अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. अवरक्तातून लाल वजा करा, दोघांच्या बेरजेने भागा, की उणे एक ते एक यांमधला एक आकडा मिळतो. हिरवी वाढ जोमदार असेल तर तो वर जातो. हाच एनडीव्हीआय. टेक्सासमधल्या संशोधकांनी 1973 च्या सुमारास लँडसॅटच्या प्रतिमांवर तो वापरला आणि नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या कॉम्प्टन टकर यांनी त्या दशकाच्या अखेरीस त्याला भक्कम पाया दिला. टकर यांचं नाव लक्षात ठेवावं, ते या हकिकतीत पुन्हा येणार आहे. एनडीव्हीआय आजही सर्वत्र वापरला जातो. मात्र घनदाट जंगलावर तो लवकर कमाल पातळीला टेकतो, आणि समोरची हिरवळ गवताची आहे की झाडाची, हे एकट्या त्या आकड्यावरून कळत नाही.

ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेने, इनपेने, 1988 पासून ॲमेझॉनमधली जंगलतोड दरवर्षी मोजायला घेतली. पुढच्या बऱ्याच यंत्रणांना हा प्रकल्प नमुना ठरला. सुरुवातीला त्यात शिकणारं यंत्र कुठेच नव्हतं. प्रशिक्षित माणसं प्रतिमा पाहून तुटलेल्या जंगलाच्या कडा हाताने आखत. 6.25 हेक्टरपेक्षा लहान तुकडे मोजणीत धरत नसत. कंटाळवाणं काम होतं. तरीही त्या नोंदींच्या आधारे देशात धोरणं ठरली आणि त्यांवरून राजकीय वादळंही उठली.

सगळीकडे असं का झालं नाही, याचं उत्तर तंत्रज्ञानात नसून पैशांत सापडतं. अमेरिकेने 1984 मध्ये लँडसॅटचा कारभार खासगी हातांत देण्याचा कायदा केला आणि एकेका प्रतिमेची किंमत हजारो डॉलरवर गेली. संशोधक दोनचार प्रतिमा विकत घेत आणि त्यांवर प्रबंध लिहीत. एखाद्या जागेचा वीस वर्षांचा सलग इतिहास पाहणं परवडणारंच नव्हतं. नंतर किमती उतरल्या, तरी विक्रीच्या सर्वांत चांगल्या वर्षी, 2001 मध्ये, जेमतेम 25,000 प्रतिमा खपल्या. 2008 मध्ये सगळा साठा मोफत खुला करायचं ठरलं आणि काही वर्षांतच हा आकडा वर्षाला दहा लाखांच्या पुढे गेला. या क्षेत्राच्या इतिहासातली एकच तारीख निवडायची झाली तर मी कुठल्याही अल्गोरिदमची न निवडता ही निवडेन. युरोपनेही 2015 पासून सेंटिनेल-2 चा डेटा मोफतच दिला. त्याचे मुख्य पट्टे 10 मीटरचे, म्हणजे प्रतिमेतला एक चौकोन जमिनीवर 10 मीटर बाजूचा, आणि दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपणारे.

डेटा मुबलक झाल्यावर तो माणसांनी डोळ्यांनी पाहून संपणारा राहिला नाही. मशीन लर्निंग इथे गरज म्हणून आलं. 2013 मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटाने लँडसॅट 7 च्या साडेसहा लाखांहून अधिक प्रतिमा गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन संगणन सेवेवर चालवून जगाचा 30 मीटरचा वृक्षाच्छादन नकाशा प्रसिद्ध केला. 2000 ते 2012 या काळात 23 लाख चौरस किलोमीटर आच्छादन गेलं आणि 8 लाख नव्याने आलं, असा त्यांचा हिशोब होता. पद्धत डीप लर्निंगची, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कची, नव्हती, जुन्या वळणाच्या डिसिजन ट्रीची, म्हणजे एकामागून एक हो-नाही प्रश्न विचारत वर्गवारी करण्याची होती. टीका लगेच झाली, आणि ती रास्त होती. या नकाशात पाच मीटरपेक्षा उंच वाढलेली कोणतीही वनस्पती 'झाड' ठरत होती, त्यामुळे तेलताडाची लागवड आणि आदिम वर्षावन एकाच रंगात रंगलं. हा वाद अजून मिटलेला नाही. मिटेल असंही वाटत नाही, कारण जंगल कशाला म्हणायचं हे प्रतिमेत लिहिलेलं नसतं.

तोवर सगळं मोजमाप आच्छादनाचंच होतं. 30 मीटरच्या एका चौकोनात 900 चौरस मीटर जमीन मावते, त्यात एकटं झाड दिसणार कसं? पुढची उडी दोन गोष्टींनी शक्य केली. एक म्हणजे मीटरपेक्षा बारीक तपशील दाखवणाऱ्या व्यावसायिक उपग्रहांच्या प्रतिमा. दुसरी गोष्ट अनपेक्षित ठिकाणाहून आली. 2015 मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात यू-नेट नावाचं न्यूरल नेटवर्क तयार झालं, ते सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींच्या कडा ओळखण्यासाठी. पेशींची दाटी आणि वरून दिसणारे झाडांचे घेर यांत गणिताच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

कोपनहेगन विद्यापीठातले मार्टिन ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जाळं पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा, त्याच्या दक्षिणेचा निमकोरडा साहेल आणि त्यालगतच्या पट्ट्यावर चालवलं. 2020 मध्ये निष्कर्ष आला: 13 लाख चौरस किलोमीटरमध्ये 1.8 अब्ज झाडं, एकेक सुटं मोजलेलं. जो भाग ओसाड म्हणून नकाशांत पांढरा सोडला जाई, तिथली ही मोजणी. सहलेखकांत कॉम्प्टन टकर होते, म्हणजे हिरवळीच्या आकड्यापासून सुट्या झाडापर्यंतचा प्रवास एका माणसाच्या कारकिर्दीत झाला. बातम्यांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचं कौतुक झालं. त्या मॉडेलला शिकवण्यासाठी जवळपास 90,000 झाडांचे घेर आधी माणसाच्या हाताने आखले गेले होते, ही गोष्ट मात्र बातमीच्या तळाशी राहिली.

लिडारची मागणी जाहिरातीत आली ती उंचीसाठी. वरून घेतलेल्या छायाचित्रात झाडाचा घेर दिसतो, उंची दिसत नाही, आणि उंचीशिवाय झाडात साठलेल्या कार्बनचा अंदाज बांधणं कठीण. डिसेंबर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे गेलेलं नासाचं गेडी हे उपकरण लेसरच्या साहाय्याने उंची मोजतं, पण फक्त 25 मीटर व्यासाच्या सुट्या ठिपक्यांवर. मधली जागा मॉडेलने भरायची. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाने गेडीचे ठिपके आणि सेंटिनेल-2 च्या प्रतिमा जोडून जगाचा 10 मीटरचा उंचीनकाशा बनवला. 2024 मध्ये फेसबुकची कंपनी मेटा आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने एक मीटरचा दिला. त्यात मॉडेलने आधी लेबल नसलेल्या, म्हणजे काय कुठे आहे हे माणसाने न नोंदवलेल्या, कोट्यवधी प्रतिमा पाहून स्वतःच शिकून घेतलं होतं.

इथे सावध व्हायला हवं. 2020 मध्ये मध्य आफ्रिकेतल्या जंगलांवरच्या एका अभ्यासाने या क्षेत्राची झोप उडवली. जंगलातल्या जैवभाराचं, म्हणजे झाडांच्या एकूण वजनाचं, भाकीत करणारं मॉडेल नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे नोंदी यादृच्छिकपणे वाटून, तपासलं तेव्हा जागोजागच्या जैवभारातला निम्म्याहून अधिक फरक त्याने समजावून दिला. पण परीक्षेच्या जागा शिकवणीच्या जागांपासून दूर ठेवल्यावर त्याची भाकीत करण्याची क्षमता जवळजवळ शून्यावर आली. शेजारशेजारच्या जागा मुळातच सारख्या असतात. मॉडेल जंगल शिकलंच नव्हतं, त्याने शेजार पाठ केला होता. तेव्हापासून मुलाखतीत तुमचं व्हॅलिडेशन, म्हणजे मॉडेलची पडताळणी, भौगोलिकदृष्ट्या वेगळं होतं का, हा प्रश्न विचारला जातो. ज्याला तो अनावश्यक वाटतो त्याने हे काम न घेतलेलं बरं.

नव्या मॉडेलांना लेबलं कमी लागतात, आणि एप्रिल 2025 मध्ये युरोपने सोडलेल्या बायोमास उपग्रहाचा लांब लहरींचा रडार पानांच्या थराखाली शिरून खोडाफांद्यांपर्यंत पोहोचतो. पण त्याचे आकडे बरोबर आहेत का, हे ठरवायला कुणीतरी टेप घेऊन जंगलात जावंच लागतं. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, प्रजाती लिहायची, काही वर्षांनी त्याच झाडापाशी परत यायचं. अशा कायमस्वरूपी मोजणीच्या जागा उष्ण कटिबंधात विरळ आहेत, आणि नेमकी तिथेच मॉडेलं सर्वाधिक चुकतात. या मोजण्यांसाठी लागणारा पैसा संगणकांच्या पैशाइतक्या सहज मिळत नाही. जाहिरातीतली शेवटची ओळ 'आवश्यक' न होता 'प्राधान्य' राहते, त्याचं कारण बहुधा हेच असावं: तो अनुभव असलेली माणसंच थोडी आहेत.