काळी रासबेरी आणि कॅन्सर प्रतिबंध

काळी रासबेरी हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं काटेरी झुडूप, शास्त्रीय नाव रुबस ऑक्सिडेंटॅलिस. बेरीतल्या रसायनांनी कॅन्सर होण्याआधीच अडवता येतो का, यावर वर्षानुवर्षं चिकाटीने काम झालेल्या फळांमध्ये हिचं नाव अगदी वर येतं. बरेच जण हिला ब्लॅकबेरीच समजतात पण ओळखायला सोपी आहे, फळ तोडलं की मधला दांडा झाडावरच राहतो आणि हातात टोपीसारखं पोकळ फळ येतं, ब्लॅकबेरी मात्र आतून भरीव निघते. वनस्पतीशास्त्राच्या हिशोबात दोन्ही खऱ्या बेरी नाहीतच, तिथे टोमॅटो आणि केळं बेरीत मोडतात, पण इथे बेरी हा शब्द बाजारातल्या अर्थानेच घेतलाय.

फळाचा गडद रंग येतो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे. हीच मंडळी आपल्या जांभळात आणि कोकमातही असतात, जांभळाचा डाग शर्टावर पडला आणि घाईघाईने साबण चोळला की तो जाण्याऐवजी निळसर काळपट होतो ना, ते अँथोसायनिनचंच काम, आंबट असेल तर लाल आणि साबणासारखं अल्कली लागलं की निळं. दुसरं महत्त्वाचं द्रव्य म्हणजे एलॅजिक अ‍ॅसिड आणि ते ज्यातून सुटतं ते एलॅजिटॅनिन, हे रासबेरी, स्ट्रॉबेरी आणि डाळिंबातही असतं. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन नावाचं द्रव्य बनवतात पण ते जिवाणू प्रत्येकाच्या पोटात सारखे नसतात, त्यामुळे दोघांनी एकच वाटी बेरी खाल्ली तरी शरीरात तयार होणारा माल वेगळा असू शकतो.

औषधाने किंवा अन्नातल्या द्रव्याने कॅन्सर आधीच रोखायचा या कल्पनेला केमोप्रिव्हेन्शन हे नाव मायकेल स्पॉर्न यांनी १९७६ मध्ये दिलं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गॅरी स्टोनर यांचं काम आधी शुद्ध एलॅजिक अ‍ॅसिडवर होतं, मग ते आख्ख्या फळाकडे वळले. फळात पाणीच खूप, म्हणून ते गोठवून सुकवायचं म्हणजे फ्रीझ ड्राय करायचं आणि पावडर उंदरांच्या खाद्यात मिसळायची अशी पद्धत ठरली. २००१ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात अन्ननलिकेत गाठी आणणारं रसायन दिलेल्या उंदरांच्या खाद्यात ५ आणि १० टक्के पावडर घातली तेव्हा गाठींची संख्या साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी झाली. त्याच सुमारास मोठ्या आतड्याच्या प्रयोगातही १० टक्के पावडरीने गाठी ७१ टक्क्यांनी घटल्या. आकडे भारी आहेत यात वाद नाही पण उंदराच्या खाद्याचा दहावा हिस्सा बेरीची पावडर म्हणजे माणसाच्या ताटात किती होईल याचा विचार केला की लक्षात येतं की मूठभर फळांनी तेवढं होणार नाही.

पेशीत नेमकं होतं काय तर पेशींना वाढत राहा, मरू नका असं सांगणारे एनएफ-कॅपा-बी आणि एपी-१ सारखे प्रथिनांचे स्विच मंदावतात, सूज कमी होते, बिघडलेल्या पेशी स्वतःहून मरायला लागतात आणि गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांना आळा बसतो. अँटीऑक्सिडंट आहे म्हणून कॅन्सर बरा करतं हे जे पाकिटांवर छापलेलं असतं ते फार भाबडं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांची अँटीऑक्सिडंट ताकद दाखवणारा ओआरएसी तक्ता २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढून टाकला कारण टेस्ट ट्यूबमधल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता आणि कंपन्या तो जाहिरातीत वापरत होत्या.

खरी अडचण शोषणाची आहे. खाल्लेल्या अँथोसायनिनचा अगदी थोडा भाग मूळ रूपात रक्तात पोचतो, म्हणून जिथे फळ थेट लागतं तिथे म्हणजे तोंड, अन्ननलिका, आतडं इथे आशा जास्त आणि दूरच्या अवयवांबद्दल कमी, आणि या विषयातलं सगळ्यात कामाचं सूत्र माझ्या मते हेच. आतड्यात शेकडो पॉलिप म्हणजे अस्तरावरच्या छोट्या गाठी आणणारा एक आनुवंशिक आजार आहे, त्याच्या १४ रुग्णांवर ९ महिने झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात गुदद्वारातून ठेवायच्या रासबेरीच्या सपोझिटरीने गुदाशयातले पॉलिप कमी झाले पण जोडीला पावडर तोंडाने घेतल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही. चीनमध्ये अन्ननलिकेतल्या कॅन्सरपूर्व बदलांवर स्ट्रॉबेरीची चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला, रोज ६० ग्रॅम सुकी पावडर ६ महिने घेणाऱ्या ३६ पैकी २९ जणांच्या पेशीतला बिघाड एक पायरी तरी उतरला, ३० ग्रॅमवाल्यांना तसा फरक पडला नाही. मात्र त्यात खोटी पावडर दिलेला गट नव्हता, त्यामुळे ती सिद्धता धरता येत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सगळ्यात जवळचा भाग तोंडाचा. तंबाखू, मावा, गुटखा यामुळे गालाच्या आत पांढरा चट्टा पडतो, डॉक्टर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, आणि सगळे नाही पण त्यातले काही चट्टे पुढे कॅन्सरकडे जातात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी तोंडाचा कॅन्सर भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरपैकी आहेच. ओहायोच्या लोकांनी अशा कॅन्सरपूर्व चट्ट्यांवर लावायला १० टक्के काळ्या रासबेरीचं जेल बनवलं, दिवसातून चार वेळा, तीन महिने, ४० रुग्ण, निम्म्याच्या आसपास लोकांना रासबेरी नसलेलं जेल. रासबेरीवाल्यांचे चट्टे आकाराने लहान झाले आणि पेशींची तपासणीही सुधारली पण सगळ्यांची नाही, काहींना भरपूर फरक आणि काहींना जवळजवळ शून्य. तंबाखू चालू ठेवून वरून जेल लावायचं असा याचा अर्थ मुळीच नाही.

फळातून वेगळं काढलेलं एकच द्रव्य गोळीत भरलं की काय होतं याचा धडा गाजरातल्या केशरी रंगद्रव्याने म्हणजे बीटा कॅरोटीनने दिलाय, फिनलंडमध्ये २९,००० हून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली आणि १९९४ मध्ये कळलं की गोळी घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर कमी नाही तर १८ टक्क्यांनी जास्त झाला. बीटा कॅरोटीन हे बेरीचं द्रव्य नाही पण बेरी एक्स्ट्रॅक्टच्या म्हणजे अर्काच्या महागड्या कॅप्सूल घेताना हे आठवायलाच हवं.

आपल्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, फळ छान आहे, हिवाळ्यात ताजं खावं, पण स्ट्रॉबेरी क्रशमध्ये साखरच जास्त असते. जांभूळ आणि कोकमावरही प्रयोगशाळेत काम झालंय, कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल पेशींवर तपासलं गेलंय. कॅन्सरवर केमोथेरपी चालू असलेल्या माणसाने मात्र कुठलीही पावडर किंवा एक्स्ट्रॅक्ट सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरला सांगावं, ताटातली चार फळं वेगळी आणि डबाभर पावडर वेगळी.