राज्य दिव्यांग सल्लागार मंडळावर सदस्य कसे होता येते: पात्रता, शिफारस आणि कागदपत्रे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६६ प्रमाणे प्रत्येक राज्य सरकारने अधिसूचना काढून राज्य सल्लागार मंडळ स्थापन करायचे असते. १९९५च्या जुन्या कायद्यात हे काम राज्य समन्वय समिती आणि राज्य कार्यकारी समिती अशा दोन समित्यांकडे होते; आता एकच मंडळ आहे. कलम ६० खाली दिल्लीत केंद्रीय सल्लागार मंडळही असते. पण प्रशिक्षण केंद्रातल्या जागा, महामंडळाचे कर्ज, ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी, गाळ्यांचे वाटप हे रोजगाराशी थेट भिडणारे विषय बहुतांशी राज्यातच मार्गी लागतात किंवा अडतात. त्यामुळे जिल्ह्यातल्या संस्था-संघटनांनी आधी राज्याच्या मंडळाकडे पाहावे.

व्यवसाय पुनर्वसनाचा गाभा कलम १९ मध्ये आहे. सर्वसाधारण प्रशिक्षणात दिव्यांगांना सामावून घेणे, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगता आणि स्वमग्नता असलेल्यांसाठी बाजाराशी जोडलेले वेगळे प्रशिक्षण देणे, सवलतीच्या व्याजाने कर्ज देणे, तयार मालाला विक्री मिळवून देणे आणि या सगळ्याची वर्गवार आकडेवारी ठेवणे, ही सरकारची जबाबदारी आहे. माझ्या मते यातली शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. किती जणांनी शिवणकाम किंवा मोबाइल दुरुस्ती शिकली हे सगळे सांगतात. त्यातले किती जण वर्षभरानंतर त्याच कामावर पोट भरताहेत हा आकडा मागितला की कागद शोधायला सुरुवात होते. हा आकडा मागण्याचा अधिकार असलेले ठिकाण म्हणजे हे मंडळ.

मात्र ते योजना मंजूर करत नाही, कर्ज देत नाही, कोणाला नोकरीला लावत नाही. कलम ७१ प्रमाणे त्याने राज्याला धोरण, योजना आणि कायद्यांबाबत सल्ला द्यायचा, दिव्यांगांसाठी राज्याचे धोरण तयार करायचे, सर्व खात्यांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या कामाचा आढावा घेऊन त्यांची सांगड घालायची आणि कायदे-योजनांचा प्रत्यक्षात काय परिणाम झाला ते तपासायचे. स्वतःचे काम अडले असेल तर दार वेगळे आहे: दिव्यांगत्वाच्या वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) स्वावलंबन पोर्टल, नोकरीसाठी नाव नोंदवायला महास्वयम, कर्जासाठी राज्याचे दिव्यांग वित्त व विकास महामंडळ.

मंडळावर कोण असते

दिव्यांग विषय सांभाळणारे मंत्री पदसिद्ध अध्यक्ष असतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, त्यामुळे हा विषय आता त्या विभागाचा. राज्यमंत्री असल्यास ते उपाध्यक्ष. सहसचिव दर्जाहून खाली नसलेला अधिकारी सदस्य सचिव. तीन आमदार: दोन विधानसभेने निवडलेले, एक विधान परिषदेने. गोव्यात विधान परिषद नाही, म्हणून तिथे तिघेही विधानसभेचेच.

याशिवाय शालेय शिक्षण, आरोग्य, वित्त, ग्रामविकास, नगरविकास, उद्योग, कामगार व रोजगार, परिवहन, माहिती तंत्रज्ञान अशा खात्यांचे सचिव. मंडळाचे खरे मोल इथे आहे. प्रशिक्षण एका खात्याचे, कर्ज दुसऱ्याचे, गाळा नगरपालिकेचा आणि तिथवर जाणारी बस परिवहनची. ही सगळी खाती एरवी एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे ती एका टेबलाशी येतात. सचिवांऐवजी कक्ष अधिकारी येऊन बसले की हा फायदा निम्मा होतो, हे सदस्यांनी पहिल्याच बैठकीत नोंदवून घ्यावे.

तुमच्या-आमच्यासाठी खुल्या असलेल्या जागा

सरकार नामनिर्देशनाने भरते त्या जागा जास्तीत जास्त २३. चार गट आहेत आणि प्रत्येकाची अट वेगळी आहे. प्रस्ताव कोणत्या गटासाठी आहे हे स्पष्ट लिहिले नसेल तर तो फायलीत नुसता फिरत राहतो.

पहिला गट दिव्यांगत्व आणि पुनर्वसन क्षेत्रातल्या ५ तज्ज्ञांचा. कायद्यात पदवीची अट नाही, पण काम दाखवावे लागेल. विशेष शिक्षक, भौतिकोपचार किंवा व्यवसायोपचार करणारे, कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, व्यवसाय समुपदेशक असे लोक यात बसतात.

दुसरा गट जिल्ह्यांच्या ५ प्रतिनिधींचा. हे पाळीपाळीने नेमायचे असतात आणि संबंधित जिल्हा प्रशासनाच्या शिफारशीशिवाय नेमता येतच नाहीत. महाराष्ट्रात जिल्हे ३६, जागा ५, मुदत तीन वर्षांची. म्हणजे सरळ रांग धरली तर एका जिल्ह्याचा नंबर पुन्हा लागायला वीसहून अधिक वर्षे जातील. गडचिरोली किंवा नंदुरबारची पाळी आली आणि शिफारस वेळेत गेली नाही, तर काय हुकले ते यावरून कळावे.

तिसरा गट सर्वांत मोठा, १० जणांचा: दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था किंवा संघटनांचे प्रतिनिधी. शक्य तितके हे स्वतः दिव्यांग असावेत, किमान ५ महिला असाव्यात आणि अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींतून किमान एकेक जण असावा. इथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. कायदा ‘संस्था किंवा संघटना’ म्हणतो, तेव्हा वसतिगृह किंवा कार्यशाळा न चालवणारी, तालुक्यातल्या दिव्यांगांची हक्क संघटनाही नाव सुचवू शकते. दुसरे म्हणजे निम्म्या जागा महिलांच्या असूनही संस्था बहुधा अध्यक्षांचे किंवा सचिवांचे नाव पाठवून मोकळ्या होतात. काम करणारी दिव्यांग महिला संस्थेत असेल तर तिचेच नाव पाठवावे. तिची संधी जास्त आहे आणि तो कायद्याचा हेतूही आहे.

चौथा गट राज्य पातळीवरच्या व्यापारी-उद्योग महासंघाच्या प्रतिनिधींचा, तिघांहून अधिक नाही. खासगी मालकांनी किमान ५ टक्के मनुष्यबळ लक्षणीय दिव्यांगत्व (किमान ४० टक्के) असलेल्यांचे ठेवावे म्हणून सरकारने सवलती द्याव्यात, असे कलम ३५ सांगते. त्या सवलती कशा असाव्यात हे उद्योजकांनीच मांडायला हवे. एखाद्या एमआयडीसीतला कारखानदार दिव्यांग कामगार ठेवत असेल, तर त्याच्या नावासाठी महासंघाकडे आग्रह धरायला संस्थांना कोणी अडवलेले नाही.

पात्रता आणि अपात्रता

‘चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून चालणार नाही’ असे कोणी सांगितले तर कलम ६६ दाखवावे. त्यात ‘दिव्यांग व्यक्ती’ म्हटले आहे, लक्षणीय दिव्यांगत्व म्हटलेले नाही. ४० टक्क्यांची अट सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासारख्या लाभांना आहे.

कलम ६८ मधली अपात्रतेची कारणे मोजकी आहेत: दिवाळखोर ठरलेली किंवा धनकोंशी तडजोड करून सुटलेली व्यक्ती, सक्षम न्यायालयाने मनोविकल घोषित केलेली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किंवा याच कायद्याखाली शिक्षा झालेली, आणि सदस्यपदाचा गैरवापर केल्याचे सरकारचे मत झालेली व्यक्ती. मानसिक आजार हा कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांपैकीच एक आहे. औषधे चालू आहेत एवढ्यावरून कोणी अपात्र होत नाही. न्यायालयाची घोषणा लागते.

प्रस्ताव कसा जातो

कायद्यात अर्जाचा ठरावीक नमुना नाही. पद नामनिर्देशनाचे आहे, निवड सरकार करते. विभागाने नावे मागवणारे पत्रक काढले आणि त्यात नमुना किंवा मुदत दिली असेल तर तीच पाळायची. पत्रक निघेल तेव्हा बघू म्हणणाऱ्यांची धावपळ होते, कारण अशा पत्रकांची मुदत थोडी असते. मुदत संपत आलेल्या मंडळाचा सुगावा आधीच लागतो: नेमणुकीच्या अधिसूचनेची तारीख शोधायची आणि तीन वर्षे पुढे मोजायची. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभागाचे नाव निवडून हे पाहता येते. नवी नेमणूक होईपर्यंत जुने सदस्य पदावर राहतात, त्यामुळे मुदत उलटली तरी हालचाल दिसत नाही असेही होऊ शकते.

तज्ज्ञ आणि संस्थांच्या गटांसाठी प्रस्ताव मंत्रालयातल्या दिव्यांग कल्याण विभागाच्या सचिवांच्या नावे करावा आणि एक प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात द्यावी. जिल्ह्याच्या जागेसाठी सुरुवात जिल्हाधिकारी कार्यालयापासून. प्रत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला. कलम ७२ खालची जिल्हास्तरीय समिती तुमच्याकडे कार्यरत असेल तर तिच्या बैठकीत विषय घ्यायला लावा, म्हणजे शिफारशीला इतिवृत्ताचा आधार मिळतो. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्यायचीच. तोंडी ‘साहेबांच्या टेबलवर आहे’ याला अर्थ नाही.

कागदपत्रे

कायद्याच्या अटींवरून जे लागणार हे उघड आहे ते तयार ठेवावे. व्यक्तीचे म्हणून: ओळख व पत्त्याचा पुरावा, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्र, राखीव जागेचा दावा असेल तर जातीचे प्रमाणपत्र, कामाचा दोन पानांचा आढावा, स्वतःची लेखी संमती आणि कलम ६८ मधले एकही कारण लागू नसल्याचे स्वयंघोषणापत्र. कामाच्या आढाव्यात सत्कारांचे फोटो नकोत. किती जणांना कोणते काम शिकवले, किती टिकले, कोणत्या बँकेने किती प्रकरणे परत पाठवली हे लिहा.

संस्थेचे म्हणून: नोंदणी प्रमाणपत्र, मागील वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, प्रतिनिधीचे नाव सुचवणारा कार्यकारी मंडळाचा ठराव. प्रशिक्षण किंवा पुनर्वसन केंद्र चालवत असाल तर कलम ५० प्रमाणे लागणारे संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्रही, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना हे पाहून घ्या.

एका ठिकाणी हमखास घोटाळा होतो. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज) वर्षानुवर्षे प्रलंबित असतो, त्यामुळे परिशिष्ट एकच्या, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीच्या उताऱ्यावर जुनेच विश्वस्त दिसतात आणि ठरावावर सह्या नव्यांच्या असतात. छाननीत ही विसंगती पटकन दिसते. चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच ठरावासोबत जोडून ठेवावी, म्हणजे निदान खुलासा देता येतो.

नेमणूक झाल्यावर

मंडळाची बैठक सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी, असे कलम ७० म्हणते. म्हणजे तीन वर्षांत कायद्याने हमखास मिळणाऱ्या बैठका सहा. अमेरिकेत १९७३च्या पुनर्वसन कायद्याखाली राज्य पुनर्वसन परिषदा आहेत. त्यांच्या वर्षाला किमान चार बैठका होतात आणि बहुसंख्य सदस्य दिव्यांग असावेच लागतात, तेही पुनर्वसन खात्याच्या नोकरीत नसलेले. आपल्याकडे ‘शक्य तितके’ या शब्दांनी ती अट सैल झाली आहे.

सहाच बैठका हातात असल्या तर विषय नेमका लागतो. ‘दिव्यांगांना रोजगार द्या’ या मागणीवर कोणताही सचिव मान डोलावतो. त्याऐवजी मागील दोन वर्षांत स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधीतला किती खर्च रोजगाराच्या साधनांवर केला, ४ टक्के आरक्षणातली कोणत्या खात्याची किती पदे रिक्त आहेत, कलम ३७ प्रमाणे व्यवसायासाठी सवलतीच्या दराने जमीन देण्याची योजना कुठवर आली, असे लेखी प्रश्न बैठकीपूर्वी सदस्य सचिवांना द्यावेत आणि उत्तर इतिवृत्तात यावे असा आग्रह धरावा.

मुदतीआधी सदस्याला काढायचे झाल्यास कारणे दाखवण्याची वाजवी संधी द्यावी लागते. मधेच जागा रिकामी झाली तर नवा सदस्य उरलेल्या काळापुरताच असतो. फेरनेमणूक होऊ शकते.

मंडळच नसेल, किंवा बैठकच होत नसेल

कलम ७३ प्रमाणे जागा रिकाम्या आहेत म्हणून मंडळाचे कामकाज रद्द ठरत नाही. त्यामुळे रिकाम्या जागांची घाई करायची तर बाहेरूनच करावी लागते.

आधी माहिती अधिकारात अर्ज करा: अधिसूचनेची प्रत, सदस्यांची यादी, मागील बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्ते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील. हाती आलेले कागद जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायद्याची अंमलबजावणी होते की नाही यावर लक्ष ठेवणे हे कलम ८० प्रमाणे त्यांचे काम आहे. त्यांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली, तर त्या प्राधिकरणाने काय कारवाई केली हे तीन महिन्यांत आयुक्तांना कळवायचे असते. शिफारस मान्य नसेल तर तसे कारण त्याच मुदतीत आयुक्तांना आणि तक्रारदारालाही कळवावे लागते, म्हणून तक्रारीवर तुमचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक नीट लिहा.