महाल, एकास एकशेचव्वेचाळीस

एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७ मुंबईत आलं १९७१ साली. नाव 'एम्परर अशोका'. प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोक्याची लाल महिरप रंगवलेली, आणि जाहिरातीत त्याला आकाशातला महाल म्हटलेलं. १९८९ मध्ये कंपनीने झरोके पुसून नवी रंगसंगती आणली. ती लोकांच्या पचनी पडली नाही, आणि काही काळातच झरोके परत आले. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विलीनीकरणानंतर शेपटीवर उडता हंस आला, तरी खिडक्यांची महिरप टिकली. २०२३ च्या लाल-जांभळ्या-सोनेरी रूपात मात्र झरोक्याची नुसती आठवण उरली आहे. माझ्या मते पहिल्या रूपाची सर पुढच्या कुठल्याच रूपाला नाही, आणि छोटी मॉडेल्स बनवणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतं तेही तेच.

प्रवासी विमानांच्या किटचं (जोडून मॉडेल बनवायच्या सुट्या भागांच्या संचाचं) रुळलेलं प्रमाण १:१४४, म्हणजे बारा गुणिले बारा. मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खरे बारा फूट. जवळजवळ ७०.६ मीटर लांबीचं ७४७ या हिशेबाने ४९ सेंटिमीटरचं होतं. प्लास्टिक इमानेइतबारे लहान होतं. रंग होत नाही, आणि प्रकाश तर अजिबात नाही.

खऱ्या विमानावर प्रायमरसकट रंगाचा थर असतो जेमतेम दशांश-दोन दशांश मिलिमीटर. अख्ख्या ७४७ वर तेवढ्याचंच वजन अडीचशे किलोच्या आसपास भरतं. म्हणून नवा रंग देताना जुना बहुधा खरवडून काढतात. पुष्कळ विमानांत रडर, एलेव्हेटरसारखे शेपटीवरचे हलते भाग रंगवल्यावर त्यांचा तोलही पुन्हा तपासावा लागतो, कारण बिजागरीच्या मागे वजन वाढलं की वेगात ते भाग फडफडू शकतात. आता हा थर १४४ पट पातळ करा: एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास, साबणाच्या फुग्याच्या पापुद्र्याएवढा. रंग फवारणाऱ्या एअरब्रशने कितीही जपून मारला तरी मॉडेलवर वीस-तीस मायक्रॉन रंग बसतोच. खऱ्या विमानाच्या मापात तो तीन-चार मिलिमीटरचा गिलावा झाला! पत्र्यांच्या सांध्यांचंही तसंच. किटवरची ०.२ मिलिमीटरची खाच म्हणजे विमानावर जवळजवळ तीन सेंटिमीटरचा चर. त्यामुळे रंगाने खाचा थोड्या बुजल्या तर हळहळू नये.

रंगाच्या छटेवरून मॉडेलवाल्यांत कायम वाद. जुना नियम असा, की खरा रंग थोडा फिका करून वापरावा, कारण मधली हवा प्रकाश विखुरते आणि दूरची वस्तू फिकट दिसते. पण अर्ध्या मीटरवरून पाहिलेलं मॉडेल म्हणजे ७२ मीटरवरचं विमान, आणि तेवढ्या स्वच्छ हवेने फारसं काही फिकटत नाही. मला दुसरं कारण जास्त पटतं. तोच रंग मोठ्या पृष्ठभागावर डोळ्याला अधिक उजळ आणि भरीव वाटतो, छोट्या तुकड्यावर गडद. लालमध्ये चिमूटभर पांढरा, पांढऱ्यात मात्र राखाडीचा थेंब, एवढं पुरतं. निव्वळ पांढरं ७४७ खेळण्यासारखं दिसतं.

खरी परीक्षा झरोक्यांची. ७४७ च्या खिडक्या वीस इंचांच्या अंतराने, म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलिमीटरला एक महिरप. हाताने रंगवायची बातच नको. डेकलची, म्हणजे पारदर्शक पापुद्र्यावर छापलेल्या चित्राची, पट्टी पाण्यात भिजवून सरकवायची. ती खडबडीत रंगावर बसवली तर खाली हवेचे सूक्ष्म कप्पे राहतात. डेकलच्या पापुद्र्याचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो त्याचं माप) सुमारे १.५, हवेचा १. दोन्ही जिथे भिडतात तिथे प्रकाश परावर्तित होतो आणि महिरपींच्या मधल्या पारदर्शक जागा चंदेरी चकाकतात. त्यावर उपाय म्हणजे आधी ग्लॉस वार्निशचा हात. खड्डे भरले की हवेला जागाच नाही. वरून डेकल मऊ करणारं द्रावण लावलं की पापुद्रा अंगाला चिकटतो.

मधल्या सरळ भागावर पट्टी निमूट बसते, कारण नळकांडं उलगडून सपाट करता येतं. नाकाजवळ विमान दोन्ही दिशांनी वळतं, आणि तिथे घडी पडतेच. असा पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट होत नाही, हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं होतं. तिथे दोन महिरपींच्या मधोमध ब्लेडने चीर द्यावी आणि तुकडे किंचित एकमेकांवर चढवावेत.

किट घेताना पाठीवरचा, वरच्या मजल्याचा उंचवटा पाहून घ्या. 'अशोका' ७४७-२०० जातीचं, आखूड उंचवट्याचं. दुकानात बरेचदा मिळतं ते ७४७-४००: लांब उंचवटा, पंखांची टोकं वर वळलेली. एअर इंडियाची शेवटची ७४७ याच जातीची, आणि त्यांतलं एक एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचं निघून गेलं. झरोके त्यांच्यावरही होते, पण वरच्या मजल्याच्या खिडक्या जास्त. त्यामुळे एकाचा डेकल दुसऱ्याला चालत नाही.