दहा गोल मारणारा 'बचावपटू'

इंग्लिश फुटबॉलपटू जो पेनची गोष्ट अशी सांगतात: १३ एप्रिल १९३६, ईस्टर सोमवार. ल्यूटन टाउन क्लबचे नेहमीचे सेंटर फॉरवर्ड (गोल मारणारे मुख्य आक्रमक) जखमी, म्हणून जन्मात कधी पुढे न खेळलेल्या एका बचावपटूला उभं केलं आणि पठ्ठ्यानं ब्रिस्टल रोव्हर्सवर एकट्यानं दहा गोल चढवले. निकाल १२-०.

दहा गोल खरे, निकालही खरा. 'कधी पुढे न खेळलेला' ही मात्र शुद्ध थाप. डर्बीशरच्या खाणपट्ट्यातला पेन बोल्सोव्हर कोळसाखाणीच्या संघात सेंटर फॉरवर्डच होता. ल्यूटननं त्याला घेतलं, बिगल्सवेड टाउन क्लबकडे काही काळ खेळायला पाठवलं, तिथंही त्यानं गोलांचा रतीब घातला. त्याला विंग हाफ (मागच्या बाजूला, कडेनं खेळणारा) बनवलं ते ल्यूटननंच! म्हणजे त्या दिवशी गडी आपल्या जुन्या जागी परतला होता, एवढंच. पहिल्या संघाकडून त्या जागी तो पहिल्यांदाच उतरला, यातून दंतकथा फुगली असावी.

गंमत म्हणजे सुरुवातीला त्याच्या नावावर नऊच गोल लागले होते. एका गोलाबद्दल वाद होता, तो पंचांनी नंतर त्याला दिला. नऊवरच थांबला असता तर ट्रॅनमियर क्लबच्या बनी बेलच्या विक्रमाशी नुसती बरोबरी झाली असती. बेलनं साडेतीन महिन्यांपूर्वीच ओल्डहॅमवर नऊ मारले होते.

पेनला 'एका दिवसाचा राजा' म्हणतात, हेही चूक. पुढच्या हंगामात इंग्लिश लीगच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या दक्षिण गटात पेननं ३९ सामन्यांत ५५ गोल केले, ल्यूटन वरच्या डिव्हिजनमध्ये गेलं. मे १९३७मध्ये इंग्लंडकडून फिनलंडविरुद्ध दोन गोल केले. इंग्लंडकडून पुन्हा बोलावणं काही आलं नाही.