पेशीत एमआरएनएच्या किती प्रती पुरतात?

एखादं प्रथिन हवं तेवढं बनायला एमआरएनएच्या, म्हणजे जनुकातला निरोप वाहून नेणाऱ्या आरएनए रेणूच्या, किती प्रती लागतात, याचं एका आकड्यात उत्तर नाही. ते का नाही, हे उलगडायला जवळपास पन्नास वर्षं गेली.

जनुकाचा निरोप रायबोसोमपर्यंत, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत, नेणारा हा आरएनए अल्पजीवी असतो, हे 1961 मध्ये ब्रेनर, जाकोब आणि मेसेल्सन यांनी दाखवलं. 1976 मध्ये हेस्टी आणि बिशप यांना उंदराच्या ऊतींमध्ये एमआरएनएचे तीन गट दिसले. एका टोकाला मोजकेच प्रकार, पण प्रत्येकाच्या भरपूर प्रती. दुसऱ्या टोकाला हजारो प्रकार आणि प्रती अगदी थोड्या. मग एमआरएनए मोजला की प्रथिनाचा अंदाज आलाच, असं धरून बरंच काम झालं.

1999 मध्ये यीस्टवरच्या अभ्यासाने हे गृहीतक हललं. एमआरएनएची पातळी सारखी, पण प्रथिनांत वीसपटींहून जास्त फरक! 2010 मध्ये ई. कोलाय या जिवाणूची एकेक पेशी तपासली, तर एकाच जनुकाचा एमआरएनए आणि त्याचं प्रथिन यांच्या संख्येचा मेळच बसेना. कारण तिथे एमआरएनए काही मिनिटांत संपतो, प्रथिन मात्र बहुधा पेशी दुभंगेपर्यंत टिकतं.

माझ्या मते खरा टप्पा 2011चा. बर्लिनच्या गटाने उंदराच्या पेशींतल्या 5,000हून अधिक जनुकांची प्रतिसंख्या आणि आयुष्य एकत्र मोजलं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे रेणू नष्ट व्हायला लागणारा वेळ, मध्यक (सगळी मूल्यं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) एमआरएनएचं 9 तास, प्रथिनाचं 46 तास. एमआरएनएच्या मध्यक प्रती 17, तर प्रथिनाच्या, त्याच गटाने 2013 मध्ये आकड्यांत केलेल्या दुरुस्तीनंतर, सुमारे 50,000.

हिशेब करून पाहा. पेशीत 10,000 प्रथिनरेणू कायम हवेत आणि एक एमआरएनए तासाला 100 रेणू बनवतो, असं धरू. प्रथिनाचं अर्धायुष्य 1 तास असेल तर सुमारे 70 प्रती लागतील. 46 तास असेल तर दोन पुरतात.

कोविडच्या एमआरएनए लशींनी हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर आणला, कारण त्यांत एमआरएनएच टोचतात आणि प्रथिन आपल्या पेशी बनवतात. फायझरच्या 30 मायक्रोग्रॅमच्या डोसमध्ये साधारण 13 लाख कोटी आरएनए रेणू असतात. पुण्याच्या जेनोव्हाच्या लशीला 2022 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. तिचा आरएनए स्वतःच्या नकला काढणारं विकर पेशीतच बनवून घेतो, त्यामुळे तिथे टोचलेल्या प्रतींसोबत पेशीत तयार झालेल्या नकलाही हिशेबात धराव्या लागतात.