मेटफॉर्मिन व मधुमेही मज्जातंतुविकार

टाइप २ मधुमेहावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या बायग्वानाइड गटातील औषधाचा परिघीय (मेंदू व मज्जारज्जूबाहेरील) मज्जातंतूंवर होणारा संभाव्य संरक्षक परिणाम. हे संयुग १९२२ मध्ये डब्लिन येथे वर्नर व बेल यांनी तयार केले. मधुमेहावरील त्याच्या वापराचा पहिला वृत्तांत झाँ स्टर्न यांनी फ्रान्समध्ये १९५७ मध्ये प्रसिद्ध केला.

मधुमेहात सर्वांत लांब मज्जातंतूंची टोके आधी झिजतात. बधिरता, मुंग्या आणि रात्री वाढणारी आग पायाच्या बोटांपासून वर चढते. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला तरी कळत नाही, तिथे रुतलेला खडाही कळत नाही.

संरक्षण कसे घडत असावे याविषयी मतभेद आहेत. रक्तशर्करा उतरते एवढेच कारण पुरेसे मानणारे एक मत आहे. मात्र काटेकोर शर्करानियंत्रणाने टाइप १ मध्ये हा विकार जितका घटतो, तितका टाइप २ मध्ये घटलेला दिसत नाही. दुसरे मत पेशींच्या ऊर्जाव्यवहारावर भर देते. मेटफॉर्मिन तंतुकणिकांमधील श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाला सौम्य अटकाव करते. त्यामुळे एएमपीके हे ऊर्जेची टंचाई ओळखणारे विकर जागे होते. मधुमेही उंदरांच्या संवेदी चेतापेशींत नेमके हेच विकर मंदावलेले आढळले आहे. पेशीपासून दूर तळव्यापर्यंत ऊर्जा पुरवावी लागते, हे लक्षात घेता लांब तंतूच आधी का खचतात याचा उलगडाही या मताने होतो. म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते. अडचण मात्रेची आहे: प्रयोगशाळेत पेशींना दिलेली मात्रा बहुधा रुग्णाच्या रक्तात आढळणाऱ्या प्रमाणाहून बरीच जास्त असते. शर्करेच्या विघटनात तयार होणाऱ्या मेथिलग्लायॉक्झल या वेदनावर्धक उपपदार्थाला मेटफॉर्मिन रासायनिक रीत्या बांधून टाकते, हा तिसरा मार्ग पूरक असावा.

माणसांतील पुरावा तुटपुंजा आहे. टाइप २ मधुमेह व हृदयधमनीविकार असलेल्या रुग्णांवरील बारी-२डी या चाचणीत इन्सुलिन-संवेदनशीलता वाढवणाऱ्या औषधांच्या गटात नव्याने होणारा विकार काहीसा कमी आढळला (२०१३). पण त्या गटात रोझिग्लिटाझोन हे दुसरे मधुमेहविरोधी औषधही होते, तेव्हा श्रेय एकट्या मेटफॉर्मिनला देता येत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दीर्घकाळ घेतल्यास मेटफॉर्मिनमुळे लघ्वांत्राच्या शेवटच्या भागातील ब१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते, आणि ब१२च्या कमतरतेनेही पाय बधिर होतात. ही बधिरता मधुमेहाच्या खाती मांडली गेली तर सहज भरून काढता येणारी उणीव तशीच राहते. म्हणून हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी, विशेषतः पांडुरोग वा मुंग्या असल्यास, रक्तातील ब१२ वेळोवेळी तपासावे.