पाणलोट समिती वेगळी, पाणी वापर संस्था वेगळी

पाण्याची कुठलीही कमिटी असली की आपण सरसकट "पाणी समिती" म्हणतो आणि मग बंधाऱ्यातला गाळ काढायचा अर्ज घेऊन माणूस कॅनॉलच्या ऑफिसात जाऊन बसतो, तिथला क्लार्क म्हणतो हे आमच्याकडे येत नाही, आणि दिवस फुकट जातो. खरं सांगायचं तर दोष त्या माणसाचा नाही, नावंच तशी आहेत. पाणलोटाची कामं प्रामुख्याने मृद व जलसंधारण आणि कृषी खात्याकडे, धरण-कालवे जलसंपदा खात्याकडे, आणि गावकऱ्याला दोन्ही "पाण्याचं खातं". (नळाच्या पाण्याची समिती अजून तिसरीच, ती इथं बाजूला ठेवू.)

पाणलोट समितीचं सगळं काम पावसाशी. पडलेलं पाणी पळू द्यायचं नाही, म्हणून माथ्यापासून पायथ्याकडे येत जायचं, वर डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यात माती किंवा सिमेंटचा बंधारा. हा क्रम उलटा केला, म्हणजे चर न खणता आधी खाली बंधारा बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो, तरीही बंधारा आधी मागितला जातो कारण तो दिसतो आणि चर कुणाला दिसत नाहीत. ही समिती ग्रामसभा निवडते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिच्यात महिला, भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती यांनाही जागा द्यायची असते, आणि गावानेही श्रमदान किंवा पैशातून वाटा उचलायचा, त्यातून देखभालीचा निधी उभा राहतो.

पाणी वापर संस्था म्हणजे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची. तिला महाराष्ट्रात २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन असं त्याचं नाव. इथं पाणी अडवायचं नसतं, ते धरणात अडलेलंच असतं, इथं ते वाटायचं असतं. पूर्वी प्रत्येकाने सात नंबर फॉर्म भरायचा, कुठलं पीक किती हेक्टर त्यावर पाणीपट्टी, आणि मग पाटकऱ्याच्या, म्हणजे पाणी सोडणाऱ्या खात्याच्या माणसाच्या, मागे फिरायचं. आता खातं संस्थेला घनमीटरवर मोजून ठोक पाणी देतं, संस्था ते आपल्या सभासदांना वाटते आणि पाणीपट्टी वसूल करते. वाट्याला आलेल्या पाण्याच्या कोट्यात बसेल ते पीक तुम्ही घ्या. संचालक मंडळात कालव्याचं हेड (सुरुवात), मध्य आणि टेल (शेवट) तिन्हीकडचे लोक सारख्या संख्येने घ्यायचे, ही त्या कायद्यातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटणारी गोष्ट, कारण टेलवाल्याचा माणूस बैठकीत नसेल तर टेलला पाणी जात नाही, एवढं साधं आहे ते.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर हे घडून दाखवलंय. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये वगैरे मंडळींनी, तिथं टेलच्या शेतकऱ्यांपासून सुरुवात केली, म्हणजे ज्यांना पाणीच पोचत नव्हतं त्यांच्यापासून, आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं वाटप संस्थांच्या हातात आलं.

पण संस्थेचा जीव असतो मायनरच्या, म्हणजे छोट्या उपकालव्याच्या, तोंडाशी बसवलेल्या मोजमाप यंत्रात. कालव्याचं पाणी अरुंद गळ्यातून जातं, शेजारी सेंटीमीटरच्या खुणांची पट्टी, पट्टीवर पाणी किती उंच ते बघायचं आणि तक्त्यावरून किती पाणी जातंय ते काढायचं. ती पट्टी चिखलाने माखली किंवा कुणी उखडून नेली की मोजणं संपलं, आणि मग बिल किती खरं यावर भांडणं. म्हणून कालवा ताब्यात घेण्याआधीची संयुक्त पाहणी नीट करा, गळती, तुटलेली गेटं, पट्टी सगळं लिहून घ्या, नुसत्या सह्या करू नका.

अजून एक फरक, जो लोक फार बोलत नाहीत. पाणी वापर संस्थेचा सभासद जमिनीवरून ठरतो, त्यामुळे भूमिहीन तिच्यात नाहीच. पाणलोटात तो आहे, चर खणायला सगळ्यात जास्त हात त्याचेच असतात, पण डोंगरावरचं गवत-झाडं टिकावीत म्हणून चराईबंदी लागली की पहिली झळ त्याच्याच शेळ्यांना बसते आणि विहिरीत वाढलेलं पाणी मात्र विहीर असलेल्याचं. यावर ग्रामसभेत आधीच बोलून घ्यायला हवं, चारा कापून न्यायची मुभा कुणाला, किती, हे ठरवून, नाहीतर बंदी कागदावर राहते आणि त्यात दोष शेळीवाल्याला देणं मला पटत नाही.

आणि मुदत. पाणलोटाचा प्रकल्प काही वर्षांचा, तो संपला की समिती बरेचदा नावापुरती उरते, तेव्हा देखभालीचा निधी बँकेत आहे का आणि सही कुणाची चालते हे प्रकल्प चालू असतानाच विचारा. संस्था कायद्याने नोंदलेली, ती राहते, पाणी मागायचा हक्कही राहतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने मात्र हे अंतर स्वतःच भरून काढलं, तिथं पाणलोटाची कामं झाल्यावर गाव दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं, ऊस-केळी नाही म्हणजे नाही, म्हणजे कॅनॉल नसतानाही वाटपाचं काम गावाने अंगावर घेतलं.

तर गाळ, चर, फुटलेला बांध असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन पाणलोट समितीचं दप्तर कुणाकडे आहे ते विचारा. आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) चुकलं, चारीला पाणी आलं नाही, पाणीपट्टी जास्त लागली, तर संस्थेचा सचिव, आणि त्याने ऐकलं नाही तर पाटबंधारे शाखा.